अर्धी लाट

बाणकोटात तेव्हा सगळे अँटेना उत्तरेला तोंड करून,
मुंबईकडे,
नोकरी मागायला निघाल्यासारखे.
वाऱ्यानं एखादा फिरला की धाकू भुवडला निरोप जायचा.
मी त्याच्या मागे, पाना-पक्कड घेऊन,
वय चौदा.

तो लाट मोजायचा. समुद्राची नव्हे,
तीही मोजली असती, टेप पुरली असती तर.
"चार नंबरचा चॅनल. सात फूट दोन इंच.
पुरी लाट कौलावर मावत नाय पोरा,
निम्मी पुरते."
मग ॲल्युमिनियमवर करवत,
आणि पायाशी खवल्यांसारखा चुरा.

पाइप उभा, तीन बाजूंनी तारेचे ताण,
सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळलेली,
वर एक दांडी, दांडीवर आडव्या कांड्या.
मागची लांब. ती मागचं दार लावून घेते.
पुढच्या आखूड. त्या या, या म्हणतात.
मधली दुमडलेली, केसांच्या आकड्यासारखी,
ऐकते ती एकटी. चपटी वायर तिलाच.
"आणि बाकीच्यांना काय जोडायचं?"
"काय नाय. त्या नुसत्या जवळ असायच्या.
पण हिशेबानं.
चार बोटं इकडंतिकडं झाली की गेलं."

किल्ल्याच्या डोंगराला आपटून
तेच चित्र पुन्हा यायचं, जरा उशिरा, जरा उजवीकडे.
बातम्या देणाऱ्या बाईंना दोन नाकं.
गाव त्याला भूत म्हणे, धाकू म्हणे पडसाद,
आणि अँटेना दोन बोटं वळवून भूत घालवायचा,
नारळ न फोडता.

खारं वारं मात्र त्याला पुरून उरायचं.
दोन पावसाळ्यांत स्क्रू पांढरे.
तो ग्रीस लावायचा, शिवी द्यायचा,
पुन्हा ग्रीस लावायचा.

त्या एप्रिलात कुलसुमचाची परकार आल्या.
"माझा तेवढा पश्चिमेला लाव."
"चाची, तिकडं दर्या आहे."
"म्हाईत आहे. लतीफ तिकडंच आहे."

धाकूनं वाद घातला नाही. बिडी विझवली.
त्याला ठाऊक होतं, उन्हाळ्यात वारा पडला
की पाण्यालगत गार हवा साचते,
तिच्यावर तापलेल्या हवेचं झाकण,
आणि झाकणाखालून लाटा घसरत येतात
कुठून कुठून,
सुकाणू सुटलेल्या होड्यांसारख्या.
त्यानं नव्या मापाच्या कांड्या कापल्या,
अडीच फुटी. पैसे पुढच्या ड्राफ्टवर.

अकरा रात्री पडद्यावर नुसत्या मुंग्या.
बाराव्या रात्री मुंग्यांतून एक माणूस वर आला,
डोक्याला रंगीत फेटा, अरबीत काही वाचत होता.
मग खजुरीची झाडं. एक लांबलचक रस्ता.
कोपऱ्यात वेळेचे आकडे.
पडवीत आम्ही पंधराजण,
जो तो त्या रस्त्यावर लतीफला शोधतोय,
आणि चाची बघतायत आकड्यांकडे.
ते त्यांना वाचता यायचे, आयतींचे आकडे ते.

"आपल्याकडं नऊ. तिकडं साडेसात,"
त्या म्हणाल्या,
"म्हंजे अजून जेवला नसंल."
आणि आत जाऊन
स्वतःचं वाढलेलं ताट झाकून आल्या.

वारा उठला. पुन्हा मुंग्या.
आम्ही चपला शोधल्या.

आता घरोघर छत्र्या आहेत,
सगळ्या एकाच कोपऱ्याकडे माना वर करून,
कुणी वर चढत नाही, कुणी खालून ओरडत नाही.
धाकूच्या उरल्यासुरल्या कांड्यांवर
बोंबील वाळतात, चांगले वाळतात.

परवा परकारांच्या कौलांवरून तो उतरवला.
हात लागताच कांड्या गळून पडल्या,
मिठानं आतून खाल्लेल्या.
दांडी तेवढी मी घरी आणली.
टेप लावून बघितली.
भोकं जिथल्या तिथं आहेत,
धाकूच्या हिशेबानं,
एक बोटभरसुद्धा इकडंतिकडं नाही.